मामा, तुम्ही चुकीचं काही सांगितलं नाही

ती. मामांना,
साष्टांग नमस्कार.

परवा शाहू स्मारकच्या कलादालनातल्या माझ्या प्रदर्शनातून तुम्ही चहा न घेताच निघून गेलात. मी दारापर्यंत धावत आले, पण नातवाच्या गाडीवर मागं बसून तुम्ही दसरा चौकातून वळलासुद्धा होता. जाण्याआधी उसाच्या चित्रापुढं उभं राहून तुम्ही जे बोललात, ते अजून माझ्या कानातून जात नाही. "पोरी, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं सगळं निळं दिसाय लागलंय बघ. म्हंजे इतकी वर्सं मला पिवळंच दिसत हुतं. आणि मी तुला रंग सांगत बसलो. समदं चुकीचंच सांगितलं की गं."

तेव्हा भोवती माणसं होती. कोणीतरी फोटोसाठी हात धरून ओढत होतं. मला उत्तर देता आलं नाही, आणि तुम्ही मान खाली घालून चालू लागलात. ते उत्तर द्यायला हे पत्र.

उघड लिहितेय, त्याला कारण आहे. प्रदर्शनाचे सगळे दिवस लोक विचारत होते, तुमचे गुरू कोण. दर वेळी मी कॉलेजचं नाव सांगितलं, कारण तुम्ही बजावून ठेवलं होतं की माझं नाव कुठं घ्यायचं नाही. आजही घेत नाही. पण कोल्हापुरातल्या एका रिक्षावाल्या मामांनी मला रंग बघायला शिकवलं, एवढं तरी सगळ्यांसमोर लिहू द्या. तुमची नात हे वाचून दाखवेल. तिला मधेच "पुरे" म्हणू नका.

२०१२ चा जुलै होता. जी.डी. आर्ट, म्हणजे कलेची पदविका, होऊन मला दोन वर्षं झाली होती. शाळेत चित्रकलेची जागा मिळत नव्हती. एका मोठ्या शहरातल्या गॅलरीनं माझी चित्रं पाकीट न उघडताच परत पाठवली होती. त्या दिवशी पाऊस थोडा उघडला, म्हणून मी बोर्ड आणि रंगाची पेटी घेऊन रंकाळा स्टँडवर आले. प्रयाग चिखलीला कोणी यायला तयार नव्हतं, येताना रिकामं यावं लागतं म्हणून. तुम्ही विचारलंत, "तिथं काय करणार?" मी म्हटलं, "चित्र काढणार, दोन तास." तुम्ही माझ्या हातातल्या बोर्डाकडं बघितलंत आणि म्हणालात, "बस. मी थांबतो. मीटरचं दे, थांबायचं नको."

मी बांधावर बसून उसाचं शेत रंगवलं. तुम्ही मागं उभे होता, हे मला चित्र संपेपर्यंत कळलंही नाही. मग तुमचा पहिला प्रश्न आला, "हिरवा डबीतला हाय काय?"

होता. ट्यूबमधला सॅप ग्रीन, पाणी घालून जसाच्या तसा लावलेला.

"त्यो एकटा पडलाय," तुम्ही म्हणालात. "त्याच्या शेजारी काय हाय ते बघ की." मग विचारून, करंगळीच्या टोकावर पेटीतला बर्न्ट सिएना घेऊन तुम्ही चित्राच्या कडेला, उसाच्या बुडाशी दोन ठिकाणी टेकवलात. ओल्या हिरव्यात तो तांबूस रंग पसरला आणि शेत एकदम मागं सरलं, जमिनीवर बसलं. परीक्षेत मी रंगचक्र काढलं होतं. हिरव्यासमोर तांबडा असतो, दोघं एकमेकांना शांत करतात, हे लिहून मार्कही घेतले होते. ते चक्र माझ्यासाठी खरोखर फिरलं ते त्या बांधावर.

परतताना विचारलं तेव्हा कळलं, तुम्ही चौदाव्या वर्षापासून सिनेमाचे बॅनर रंगवायचा. मांजरपाट शिवून ताणायचा, सरस आणि खडूचा हात मारायचा, चौकटी आखून एवढ्याशा फोटोवरून वीस फुटी चेहरा उभा करायचा. पिवडी, गेरू, नीळ, सफेदा, काजळी हे पुडीतले रंग बेलतेलात घोटायचे. हिरोच्या गालावर सावलीच्या बाजूला निळा किंवा चक्क हिरवा पट्टा ओढायचा. जवळून तो भयंकर दिसायचा आणि रस्त्यापलीकडून बघितलं की गाल जिवंत. "का? तर शेजारी शेंदरी हाय म्हणून," असं तुम्ही सांगायचा. तुमचे उस्ताद स्वतःला बाबूराव पेंटरांच्या गावचे म्हणवून घ्यायचे. नाटकाचे पडदे रंगवत मोठे झालेले आणि पुढं आपल्याच सिनेमांची पोस्टरं रंगवणारे बाबूराव या गावचे, याचा तुम्हाला केवढा अभिमान! मग फ्लेक्स आला. रात्रभरात छापून मिळू लागलं आणि दोन-तीन वर्षांत तुमचे ब्रश वाळले. रिक्षा घेतलीत, पण हुडाच्या मागच्या बाजूला स्वतःच्या हातानं जोतिबाचा डोंगर रंगवलात, चैत्रातल्या गुलालानं गुलाबी झालेला. मी रिक्षात बसले तेव्हा तो मला साधा कळसाचा फोटो वाटला होता. त्याबद्दल मी आजवर माफी मागितलेली नाही. आज मागते.

पुढच्या रविवारी मी स्टँडवर येऊन "आलो मामा!" म्हणाले. आपल्या कोल्हापुरात पोरीही 'आलो' म्हणतात, बाहेरच्यांना त्याचं नवल वाटतं. मी म्हटलं, आज पन्हाळा. तुम्ही रिक्षा पुन्हा चिखलीच्याच रस्त्याला लावलीत. "जागा बदलू नको. वेळ बदल." मला राग आला होता. वर्षभर तेच शेत, तोच बांध, पलीकडं तीच चिंच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन जिथं पंचगंगा होते, त्या अंगाचं ते शिवार. आषाढात खांद्याएवढा ऊस आणि त्यावर शिशासारखं आभाळ. श्रावणात ऊन-पावसात अर्धं शेत लिंबी, अर्धं जवळजवळ काळं. दसऱ्याला ऊस डोक्यावर गेला. मार्गशीर्षात तुरे आले आणि सगळ्या शेतावर चंदेरी-जांभळी झाक पसरली. ती मला चार रविवार जमली नाही. मग तोडीची टोळी आली, ऊस गेला, पाचट पेटवलं आणि मागं काळी पट्टी उरली. त्या काळ्यातून खोडव्याचे पोपटी कोंब वर आले, तेव्हा मी चित्र काढायचं सोडून नुसती बघत बसले होते. वर्षाकाठी एकाच शेताची चाळीस चित्रं झाली. आधी मी निसर्गचित्र म्हणजे सुंदर जागा शोधणं समजत होते.

पाचट पेटलं त्या सकाळचं इथं सविस्तर लिहिते, कारण माझं उत्तर त्यातच आहे.

धूर वर चढत होता. मी राखाडी कालवला आणि सरळ खालून वर एक हात मारायला निघाले. तुम्ही म्हणालात, "थांब. खालचा धूर बघ. आता वरचा बघ." खाली धुराच्या मागं चिंचेची गर्द सावली होती आणि तिथं धूर निळा होता, पारव्याच्या मानेसारखा. तोच धूर चिंचेच्या शेंड्यावरून आभाळात गेला की तपकिरी, पिवळट दिसत होता. धूर एकच, आणि झाडाच्या कडेला त्याचा रंग उलटा होत होता. मी दोनदा डोळे चोळले. पुढं मी याचं कारण वाचलं. धुराचे बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात, म्हणून मागं अंधार असेल तर तो विखुरलेला निळाच आपल्याला दिसतो. मागं उजळ आभाळ असेल तर धुरातून पार होऊन येणारा उजेड निळा गमावून पिवळट, तांबूस होऊन पोचतो. तुम्ही हे काही वाचलं नव्हतंत. तुम्ही फक्त शेजार बघितला होतात.

त्याच हंगामात पहाटे पाच वाजता तुम्ही मला गुऱ्हाळावर नेलंत. चुलवाणात चिपाडं धडधडत होती आणि काहिलीत रस उकळत होता. सुरुवातीला तो शेवाळी, मळकट, बघवत नाही असा. भेंडीचा चिकट रस पडला, वर आलेली मळी काढून टाकली, तसा तो हळदी झाला, मग मधासारखा. शेवटी गुळव्यानं पाक पाण्यात टाकून बोटांनी चेपून बघितला, तेव्हा काहिलीत जो केशरी-तांबूस होता त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. पावडर टाकून पिवळाधमक केलेला गूळ बाजारात दिसला की तुम्ही तोंड का फिरवता, ते त्या पहाटे समजलं. वाफ रंगवायची तर मी कागद कोराच ठेवला. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो. आयुष्यभर सफेदा घोटलेले तुम्ही ते बघून केवढे हरखलात! "न लावता पांढरा?" असं तीनदा विचारलंत. तुम्हाला काही दाखवता आलं, असा माझा तो एकच दिवस.

चित्रकार आबालाल रहिमान मला परीक्षेपुरते माहीत होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापूरला परत आले, शाहू महाराजांनी आश्रय दिला, १९३१ मध्ये वारले, पाच मार्कांचं उत्तर. तुम्ही मला टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांच्या चित्रांपुढं नेलंत. दालनाच्या दारात तुम्ही चपला काढल्या. रखवालदार म्हणाला, चपला चालतात. तुम्ही म्हणालात, "तुमचं चालत असंल." मग हात पाठीमागं बांधून एकेका चित्रापुढं इतका वेळ उभे राहिलात की मलाही उभं राहावं लागलं. तिथून आपण कोटितीर्थावर गेलो. आबालाल त्या तळ्याच्या काठी राहिले, तिथंच चित्रं काढत राहिले. १९२२ मध्ये महाराज गेले त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं याच पाण्यात सोडून दिली, असं जुनी माणसं सांगतात. तुम्ही पायरीवर बसून पाण्यात हात घातलात आणि कितीतरी वेळ काढला नाहीत. माझ्या प्रदर्शनातलं कोटितीर्थाचं ते छोटं चित्र तिथलं आहे. त्यातल्या पाण्यात मी सात रंग एकावर एक धुवत नेलेत आणि एकही पूर्ण झाकला नाही. आता सांगते, ते तुमच्या त्या हातामुळं.

राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही तुम्हीच दाखवलंत. सिनेमातला हिरो पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी रंगपूड घासून केलेली, निसर्गचित्रं करतो आणि राहतं घरच चित्रांसाठी देऊन टाकतो, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. त्यांचे कितीतरी बॅनर तुमच्या उस्तादांच्या हातचे, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ते कालव्यासारखं चालत आलं. तुम्ही रिक्षा घेऊन आलात तेव्हा चाकं अर्धी पाण्यात होती. आई-बाबांना आधीच मावशीकडं पोचवलं होतं. मी कपड्यांच्या पिशव्या भरत होते आणि तुम्ही काही न विचारता माझ्या चित्रांचे गठ्ठे उचलत होता. "मामा, कपडे!" म्हटलं तर म्हणालात, "कपडे इकत मिळत्यात." पहिल्या फेरीत रिक्षात मी नव्हते, चित्रं होती. तिसरा गठ्ठा माळ्यावर राहिला. दुसरी फेरी मारायला रस्ताच उरला नाही.

पाणी ओसरल्यावर त्या गठ्ठ्यातली चिखलीची अकरा चित्रं लगदा व्हायच्या बेतात सापडली. मी दारात बसून रडले. तुम्ही ती सगळी घरी नेलीत आणि काकूंच्या साड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी एकेक वाळत घातलीत. दोन दिवसांनी बघायला बोलावलंत. अल्ट्रामरीन निळा बहुतेक वाहून गेला होता. बर्न्ट सिएना कागदाच्या खळग्यांत बसून राहिला होता. लाल कुठंच हलला नव्हता, त्यानं कागदच धरला होता. तुम्ही म्हणालात, "कुठला रंग कसा हाय ते नदीनं सांगितलं बघ."

आमच्या फरशीवर चार बोटं गाळ साचला होता. सगळे तो खोऱ्यानं बाहेर ओढत होते आणि तुम्ही त्यातला एक बादलीभर ठेवून घेतलात. पाण्यात कालवलात, जड रेती खाली बसू दिलीत, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलंत. असं पाच-सहा वेळा. शेवटी तळाला जो बसला तो लोण्यासारखा मऊ होता. तो वाळवून, काचेवर जाड बुडाच्या बाटलीनं घोटून, बाभळीच्या डिंकाचं पाणी आणि मधाचे थेंब घालून तुम्ही मला एका डबीत भरून दिलात. ओला असताना गडद तपकिरी, वाळला की पारव्याकडं झुकणारा. बॅनरच्या दिवसांतला तुमचा हात त्यात होता. पंचगंगा घाटाचं मोठं चित्र मी त्या एका रंगात केलं आहे, दीपमाळा आणि पाणी दोन्ही. लोकांनी किंमत विचारली, मी सांगितली नाही. ते तुमच्या घरी येणार आहे. भिंत कुठली ते काकू ठरवतील.

आता तुमच्या डोळ्याचं.

मामा, मी डॉक्टर नाही, पण तुम्ही गेल्यावर बरंच वाचलं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड आत कमी येतो. ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की अडलेला निळा एकदम आत येतो. तुम्हाला दिसतंय ते खरं आहे. फ्रान्सचे चित्रकार मोने, आपल्या बागेतल्या कमळांच्या तळ्याची चित्रं वर्षानुवर्षं काढत राहिलेले, त्यांचंही हेच झालं. मोतीबिंदू वाढला तशी त्यांची चित्रं तांबूस, तपकिरी होत गेली. १९२३ मध्ये, ऐंशी उलटल्यावर, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळं निळंच दिसतं म्हणून तेही वैतागले. दुसऱ्या डोळ्याचं त्यांनी करूनच घेतलं नाही.

पण तुम्ही मला चुकीचं सांगितलंत हे मी मान्य करणार नाही. तुम्ही कधी मला "हा रंग अमुक आहे" असं म्हणालात का? आठवून बघा. पहिल्या दिवसापासून तुम्ही एकच सांगत आलात, शेजारी काय आहे ते बघ. याच्यापेक्षा ते थंड, त्याच्यापेक्षा हे मळकं. पिवळ्या काचेतून बघितलं तर सगळंच पिवळ्याकडं सरकतं, पण झाडापुढचा धूर आभाळातल्या धुरापेक्षा निळा राहतोच. त्या सकाळी पिकलेल्या डोळ्यानं तुम्ही तो फरक पकडलात आणि माझ्या पंचविशीतल्या चांगल्या डोळ्यांना तो दिसला नव्हता. पुरातून वाचलेली चिखलीची सगळी चित्रं मी परवा रात्री दालन बंद झाल्यावर पुन्हा बघितली. काही ठिकाणी निळा कमी आहे. ते माझं आहे, मी धीर केला नाही. तुमचा शेजार कुठंही चुकलेला नाही.

आणि एक मागणं आहे, नाही म्हणू नका. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे, असं नात म्हणाली. म्हणजे आज तुमच्यापाशी दोन डोळे आहेत आणि दोघांत दोन वेगळी कोल्हापुरं आहेत. ऑपरेशन झालं की त्यातलं एक कायमचं जाणार. त्याच्या आधी एका रविवारी चिखलीला जाऊ. रिक्षा नातू चालवेल, थर्मास मी आणते. तुरे आलेत, मी कालच बघून आले. बांधावर बसून आधी उजवा डोळा झाका आणि सांगा काय दिसतं, मग डावा झाका आणि सांगा. तुरे कुठल्या डोळ्याला जांभळे आणि कुठल्याला चंदेरी, चिंच किती काळी, आभाळाची कड कशी. मी दोन कागद एकाच मापाचे ताणून ठेवलेत.

काकूंना नमस्कार. रविवारी सकाळी साडेसहाला तुमच्या दारात येऊन हाक मारते.

आपली,
रविवारची पॅसेंजर